नेदरलँड्सचा संघ खरंच कमनशिबी म्हणायचा का?

उजवी बगल

नेदरलँड्सच्या फुटबॉल संघाचं नाव निघालं की पुढच्याच वाक्यात ‘बिचारे’ येतं. १९७४, १९७८ आणि २०१०, तीनदा विश्वचषकाचा अंतिम सामना खेळले आणि तिन्ही वेळा हरले. तीन अंतिम सामने खेळून एकदाही चषक न उचललेला दुसरा संघ नाही. त्यामुळे नशिबाने दगा दिला, असं सगळे म्हणतात. वर्षानुवर्षं मीही तेच म्हणत आलो. पण गेले काही महिने त्यांचे जुने सामने पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून पाहिले आणि माझं मत फिरलं. म्हणून हा धागा.

आधी नशिबाचा जमाखर्च मांडतो. हा संघ १९३४ आणि १९३८ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात बाद झाला आणि नंतर थेट १९७४ ला दिसला. तोसुद्धा कसा? १८ नोव्हेंबर १९७३, ॲमस्टरडॅम, पात्रता फेरीतला शेवटचा सामना, समोर बेल्जियम. दोघांचे गुण सारखे, गोलफरकात डच पुढे, म्हणजे त्यांना बरोबरी पुरेशी होती. ०-० असताना अगदी शेवटी बेल्जियमला फ्री किक मिळाली, यान व्हेरहेयनने चेंडू जाळ्यात मारला आणि पंचांनी ऑफसाइड ठरवून गोल नाकारला. ते चित्रण आज पाहा. व्हेरहेयन ऑफसाइड नव्हता हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तो गोल धरला असता तर डचांचा सगळ्यात मोठा खेळाडू क्रायफ विश्वचषकात कधी खेळलाच नसता. बेल्जियमने त्या पात्रता फेरीत एकही गोल खाल्ला नव्हता, तरी ते घरी बसले. बिचारे म्हणायचंच असेल तर त्यांना म्हणावं.

आता १९७४. प्रशिक्षक रिनुस मिशेल्स. बचावपटू चेंडू घेऊन पुढे धावला की मधल्या फळीतला त्याची जागा घेणार, त्याची जागा आणखी कोणी घेणार, आणि चेंडू गेला की तिघे-चौघे मिळून प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणार. जर्सीचे नंबर आडनावाच्या आद्याक्षरांप्रमाणे वाटलेले, त्यामुळे १ नंबर गेल्स या आघाडीच्या खेळाडूकडे आणि गोलरक्षक योंगब्लुट ८ नंबर घालून उभा. फक्त क्रायफने आपला १४ सोडला नाही. अर्जेंटिनाला ४-०, पूर्व जर्मनीला २-०, ब्राझीलला २-०. अंतिम सामन्यापर्यंत सहा सामन्यांत १४ गोल केले आणि खाल्ला एकच, तोही स्वतःच्याच खेळाडूकडून.

७ जुलै, म्युनिक. डचांनी चेंडू मध्यावरून सुरू केला आणि आपसात फिरवत ठेवला. क्रायफ मागे येऊन, जवळजवळ शेवटच्या बचावपटूच्या जागेवरून, चेंडू घेतो. तिथून एकदम वेग पकडतो, पेनल्टी बॉक्समध्ये शिरतो आणि हॉनेस त्याला पाडतो. नेस्केन्सची पेनल्टी, दुसऱ्या मिनिटाला १-०. तोवर पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला नव्हता. त्यांच्यातला पहिला हात चेंडूला लागला तो गोलरक्षक मायरचा, जाळ्यातून चेंडू उचलताना.

मला बोलायचंय ते त्यानंतरच्या वीस-बावीस मिनिटांबद्दल. एरवी आपण फक्त गोलांचे तुकडे पाहतो, म्हणून हा भाग नजरेतून सुटतो. डच संघ दुसऱ्या गोलसाठी खेळतच नाही. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. पुढे रिकामी जागा आहे आणि पास मागे जातोय. जॉनी रेपने पुढे स्वतः सांगितलं की जर्मनांची जिरवायची होती आणि त्या नादात दुसरा गोल करायचं राहून गेलं. २५ व्या मिनिटाला ब्राइटनरची पेनल्टी, ४३ व्या मिनिटाला गेर्ड म्युलरने वळून मारलेला फटका, २-१. दुसऱ्या अर्धात डचांनी जीव तोडून हल्ले केले, मायरने एकामागून एक अडवले. पण सामना हातातून गेला तो त्या वीस मिनिटांत. त्यात नशीब कुठे आलं?

युद्धात वडील आणि भावंडं गमावलेला व्हॅन हानेगेम त्या दिवशी रडत मैदानाबाहेर गेला. त्याच्यासाठी तो सामना काय होता हे समजतं. त्यामुळेच ती वीस मिनिटं जास्त टोचतात.

खर्चाच्या बाजूला एकच मोठी नोंद मी मान्य करतो. २५ जून १९७८, ब्वेनोस आयरेस, अर्जेंटिनाविरुद्ध १-१, ९० वं मिनिट. क्रोलची लांबलचक फ्री किक, डावीकडे रेन्सेनब्रिंक पोचतो, गोलरेषा अगदी जवळ, कोन जवळपास नाहीच. तरी तो चेंडू गोलरक्षक फियोलच्या बाजूने ढकलतो, आणि चेंडू खांबाला लागून परत येतो. जादा वेळेत केम्पेस आणि बेर्तोनीचे गोल, ३-१. हे दुर्दैव. निखळ दुर्दैव.

पण बाकीचं? २००० च्या युरोची (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची) उपांत्य फेरी स्वतःच्या देशात, इटलीचा झाम्ब्रोटा ३४ व्या मिनिटाला बाहेर, समोर दहाच माणसं. १२० मिनिटांत दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया. मग शूटआऊटमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायला आळीपाळीने मारायच्या पेनल्टींमध्ये, चारांतली एक आत. त्या दिवशी एकूण सहा पेनल्टी मारल्या, गोल एक. याला दुर्दैव म्हणणं मला तरी जमत नाही.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी हे सामने त्या-त्या वेळी पाहिलेत त्यांनी लिहावं.

केशरी१४

धागा आवडला, पण १९७८ एका परिच्छेदात उरकलंत हे पटलं नाही. तिथे फक्त खांब नव्हता.

पहिली गोष्ट, क्रायफ गेलाच नव्हता. कितीतरी वर्षं लोक कारणांवर तर्क करत राहिले. २००८ मध्ये त्याने सांगितलं की त्या विश्वचषकाच्या आदल्या वर्षी बार्सिलोनातल्या त्याच्या घरात घुसून कुटुंबाचं अपहरण करण्याचा प्रयत्न झाला होता. डोक्याला बंदूक लावली गेली होती. त्यानंतर घर सोडून महिना-दीड महिना स्पर्धेला जाणं त्याला शक्य नव्हतं. याला तुम्ही कोणत्या खात्यात टाकणार?

दुसरी गोष्ट, यजमान देशात लष्करी राजवट. अंतिम सामन्याला अर्जेंटिनाचा संघ मुद्दाम उशिरा मैदानात आला, डच तोवर त्या गर्जनेत उभे. मग रेने व्हॅन डी केर्कहॉफच्या हातावरच्या प्लॅस्टरवर हरकत. तेच प्लॅस्टर घालून तो आधी खेळला होता, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. प्लॅस्टरवर आणखी पट्टी गुंडाळली तेव्हा कुठे सामना सुरू झाला. अशा वातावरणात ८२ व्या मिनिटाला बदली खेळाडू नानिंगाच्या हेडरवर बरोबरी साधणं आणि ९० व्या मिनिटाला खांबापर्यंत जाणं, माझ्या लेखी डच फुटबॉलमधली ही सगळ्यात मोठी कामगिरी. १९७४ पेक्षाही मोठी.

उजवी बगल

केशरी१४, क्रायफच्या घरचा प्रसंग नशिबाच्याच खात्यात, वाद नाही. माझ्या हिशेबातून तो सुटला होता. प्लॅस्टरचं मात्र मी प्रतिस्पर्ध्याच्या डावपेचात धरीन.

एक भर घालतो. रेन्सेनब्रिंकचे त्या स्पर्धेत पाच गोल होते, त्यांतल्या चार पेनल्टी, एकही चुकली नाही. म्हणजे पेनल्टी डचांच्या रक्तातच नाही, असं जे म्हणतात ते खरं नाही.

मधली फळी

मी उजवी बगल यांच्या बाजूने, पण कारण वेगळं देईन. या संघाला प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आपसातल्या भांडणांनी जास्त हरवलंय.

१९९० घ्या. दोन वर्षांपूर्वीचे युरोप विजेते. गुलिट, रायकार्ड आणि व्हॅन बास्टेन तिघेही एसी मिलानमध्ये, आणि मिलानने त्या वर्षी सलग दुसरा युरोपियन कप (क्लबांचा) जिंकलेला. इतकी माणसं हाताशी असताना स्पर्धेआधी प्रशिक्षक कोण हवा यावर खेळाडूंनी मतदान केलं, कौल क्रायफला दिला आणि नेमणूक बेनहाकरची झाली. मनं तिथेच उडाली. गटातले तिन्ही सामने बरोबरीत, बाद फेरीत जर्मनीकडून १-२. एकही विजय नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त रायकार्डचं फोलरवर थुंकणं.

१९९४ ला गुलिट स्पर्धेच्या तोंडावर शिबिर सोडून निघून गेला. १९९६ ला डेव्हिड्सला स्पर्धा चालू असताना घरी पाठवलं, त्याच युरोत इंग्लंडकडून १-४. १९७६ च्या युरोतही चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध उपांत्य सामन्यात नेस्केन्स आणि व्हॅन हानेगेम दोघांना लाल कार्डं.

प्रत्येक जण प्रशिक्षकाइतकंच बोलतो, हा त्यांच्या फुटबॉलचा गुण आहे. विचार करणारा बचावपटू, जागा बदलणारा विंगर, हे त्यातूनच येतं. पण चार आठवड्यांच्या स्पर्धेत तोच गुण अंगाशी येतो.

डीबाहेरून

१९८८ वर कोणी काहीच लिहिलं नाही! जिंकलेली एकमेव मोठी स्पर्धा, तिचाही हिशेब करा.

पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघाकडून ०-१. व्हॅन बास्टेन राखीव खेळाडूंत बसलेला. दुसऱ्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून खेळवलं आणि इंग्लंडविरुद्ध त्याने तीन गोल ठोकले. तिसरा सामना आयर्लंडशी. जिंकले नाहीत तर बाहेर, कारण आयर्लंडला बरोबरीही चालणार होती. ८२ वं मिनिट, ०-०. कूमन बाहेरून फटका मारतो, तो नीट बसत नाही, चेंडू जमिनीवर आपटून उडतो, कीफ्ट कसंबसं डोकं लावतो. त्यानंतर जे होतं ते सावकाश करून पाहा. चेंडू आधी बाहेर चाललेला दिसतो, टप्पा पडल्यावर फिरकी घेऊन आत वळतो आणि गोलरक्षक बॉनर नुसता बघत राहतो. असा गोल शंभर वेळा मारायला गेलं तर पुन्हा होणार नाही.

तो झाला नसता तर हॅम्बुर्गची उपांत्य फेरी नाही, ८८ व्या मिनिटाचा व्हॅन बास्टेनचा विजयी गोल नाही, आणि २५ जूनची म्युनिकमधली ती व्हॉलीही नाही. म्युरेनचा डावीकडून उंच क्रॉस, चेंडू इतका लांब गेलेला की कोणीही तो थांबवून आत द्यायचा विचार केला असता. व्हॅन बास्टेन अवघड कोनातून हवेतल्या हवेत मारतो आणि चेंडू सोव्हिएत गोलरक्षक दासायेवच्या डोक्यावरून पलीकडच्या बाजूला उतरतो. खुर्चीवरून उठलेले मिशेल्स हाताने चेहरा झाकतात. १९७४ ला त्याच मैदानावर हरलेला प्रशिक्षक!

म्हणजे जमेच्या बाजूला दोन मोठ्या नोंदी झाल्या, व्हेरहेयन आणि कीफ्ट. खर्चात रेन्सेनब्रिंक आणि क्रायफच्या घरचा प्रसंग. हिशेब जुळतो, उजवी बगल यांचं म्हणणं बरोबर आहे.

केशरी१४

हिशेब असा जुळत नसतो. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला खांब आणि पात्रता फेरीतलं ऑफसाइड यांचं वजन सारखं कसं?

डीबाहेरून

सारखंच. पात्रता फेरी हरला असता तर अंतिम सामनाच नव्हता.

सराव वही

मी शाळेतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून पेनल्टीबद्दल लिहिते.

२०२४ च्या युरोपर्यंत विश्वचषक आणि युरो मिळून नेदरलँड्सची आठ शूटआऊट झाली. १९९२ डेन्मार्क, १९९६ फ्रान्स, १९९८ ब्राझील, २००० इटली, चारही हरले. २००४ ला स्वीडनविरुद्ध पहिल्यांदा जिंकले. २०१४ ला कोस्टारिकाविरुद्ध जिंकले, अर्जेंटिनाविरुद्ध हरले. २०२२ ला पुन्हा अर्जेंटिनाकडून हार. आठात दोन. १९९२ ला तर चुकणारा एकटा व्हॅन बास्टेन होता, श्मायकलने अडवली. म्हणजे तंत्र कमी पडलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

डच फुटबॉलमध्ये फार काळ असं मानणारे लोक होते की शूटआऊटचा सराव करता येत नाही, कारण हजारो लोकांसमोरचा ताण सरावात आणता येत नाही. हे अर्धंच खरं आहे. ताण आणता येत नाही, पण सवय लावता येते. मी मुलांना मध्यरेषेपासून एकटं चालत यायला लावते. बाकीचे सगळे मध्यावर खांद्यावर हात टाकून उभे. चेंडू स्वतः ठेवायचा, शिट्टी झाल्यावर एक पूर्ण श्वास घ्यायचा, कोपरा आधी ठरवलेला, तो बदलायचा नाही. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांचे पाय त्या चालण्यातच जड होतात. एक मुलगी दोन आठवडे रोज चालत यायची आणि चेंडूपाशी आल्यावर माझ्याकडे बघायची. मी मान वळवून उभी राहायला लागले तेव्हा तिची पहिली पेनल्टी कोपऱ्यात बसली. चेंडू मारणं तिला आधीपासून येतच होतं.

२००० चा तो सामना मी मुलांना दाखवते. फ्रँक डी बोअर सामन्यात एकदा चुकला आणि तरी शूटआऊटमध्ये पुन्हा तोच पहिला आला. त्याचं धैर्य मोठं, पण त्याला पहिला पाठवणं मला चूक वाटतं. इटलीचा गोलरक्षक तोल्दोने दोन्ही अडवल्या.

जागरण

सराव वही, तुमच्या म्हणण्याला २०१४ चा दाखला जोडतो.

कोस्टारिकाविरुद्ध ०-०, १२० मिनिटं संपत आलेली. प्रशिक्षक व्हॅन गालने राखून ठेवलेली शेवटची बदली केली, गोलरक्षक सिलेसेन बाहेर आणि टिम क्रुल आत. फक्त पेनल्टीसाठी गोलरक्षक बदलायचा! सिलेसेनला याची आधी कल्पनाही दिली नव्हती, तो वैतागून बाहेर आला. क्रुलने पाचही फटक्यांना बरोबर बाजूला उडी घेतली आणि दोन अडवले. त्याने आणि गोलरक्षकांच्या प्रशिक्षकाने आधी अभ्यास केला होता. म्हणजे तयारी केली तर फळ मिळतं.

पण पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध तिन्ही बदल्या आधीच करून झाल्या होत्या, क्रुल बाहेरच. पहिला फटका व्लारचा, रोमेरोने अडवला. सामन्यानंतर व्हॅन गालने सांगितलं की पहिली पेनल्टी घ्यायला आधी दोघांना विचारलं होतं, मग व्लारवर वेळ आली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. पहिल्या साखळी सामन्यात ज्यांनी स्पेनचा ५-१ असा चुराडा केला, व्हॅन पर्सीने तो सूर मारून हेडर मारला, त्याच संघात पहिल्या फटक्याला माणूस मिळेना.

गोलरेषा

२०१० चं काय? ६२ वं मिनिट, रॉबेन एकटा पुढे, समोर फक्त स्पेनचा गोलरक्षक कासियास. फटका गेला त्याच्या पायाला लागून बाहेर. ११६ व्या मिनिटाला इनिएस्ताचा गोल. रॉबेनचा तो फटका दोन इंच वर असता तर ही चर्चाच नसती.

उजवी बगल

गोलरेषा, कासियासने तो अडवला. तो उडी घेऊन एका बाजूला गेला होता, तरी पाय मागे ठेवला होता. त्याला श्रेय द्यायला हवं.

२०१० बद्दल माझी तक्रार आणखी मोठी आहे. पात्रता फेरीतले आठही सामने जिंकून आलेला संघ, उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलला स्नायडरच्या दोन गोलांनी (पहिला आधी ब्राझीलच्याच मेलोच्या नावावर स्वयंगोल म्हणून दिला होता) हरवलेला. आणि अंतिम सामन्यात? डी योंगचा बूट थेट शाबी आलोन्सोच्या छातीवर. स्पेनला खेळू द्यायचं नाही एवढीच योजना. क्रायफने त्या सामन्यानंतर स्वतःच्या देशाच्या खेळावर जाहीर टीका केली, फुटबॉलच्या विरोधातलं फुटबॉल म्हटलं. हरण्यापेक्षा मला ते जास्त लागलं. १९७४ चा संघ दुसरा गोल विसरून हरला, पण चेंडू त्यांच्याच पायात होता.

पहिला टच

इतकं सगळं हरण्यावरच चाललंय म्हणून ४ जुलै १९९८ आठवून देतो. मार्सेय, अर्जेंटिनाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, १-१, ९० वं मिनिट. फ्रँक डी बोअर आपल्या अर्धातून तिरका उंच पास टाकतो. बर्गकॅम्प धावत जाऊन हवेत उडी घेतो आणि उजव्या पायाने चेंडू असा उतरवून घेतो की जमिनीवर तो मऊ पडतो. दुसऱ्या स्पर्शात अर्जेंटिनाचा बचावपटू आयाला चकतो. तिसऱ्यात पायाच्या बाहेरच्या बाजूने वरच्या कोपऱ्यात. तिन्ही वेळा तोच पाय. मग तो चेहऱ्यावर हात घेऊन आडवा पडतो.

पुढच्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध शूटआऊटमध्ये हरले, ठाऊक आहे. तरी मला कोणी विचारलं की डच फुटबॉल म्हणजे काय, तर मी हे तीन स्पर्श दाखवतो.

सराव वही

पहिला टच, अगदी. आणि महिला संघाचं कोणीच लिहिलं नाही. २०१७ चा युरो त्यांनी घरच्या मैदानांवर जिंकला, अंतिम सामन्यात डेन्मार्कला ४-२. सरीना वीगमन प्रशिक्षक, मीडेमा आणि मार्टेन्स पुढे. दोन वर्षांनी विश्वचषकाचा अंतिम सामना, तिथे अमेरिकेकडून ०-२. १९८८ नंतर मोठा चषक त्या देशात आणला तो या मुलींनी. ‘तीन अंतिम सामने हरलेला देश’ म्हणताना हेही मोजा.

उजवी बगल

बरोबर आहे, धाग्यात सुरुवातीलाच यायला हवं होतं. २०१७ चा अंतिम सामना मी पूर्ण पाहिलेला नाही, या आठवड्यात पाहतो.

केशरी१४, काल रात्री १९७८ पुन्हा लावला होता. रेन्सेनब्रिंकच्या फटक्यानंतर मी इतकी वर्षं खांबाकडेच बघत आलो होतो. या वेळी बाकीच्यांकडे पाहिलं. चेंडू खांबावरून परत आला तेव्हा तो आत ढकलायला गोलसमोर एकही केशरी शर्ट पोचलेला नव्हता. चेंडू अर्जेंटिनाच्या बचावपटूच्या पायात गेला आणि त्याने तो लांब भिरकावला.

केशरी१४

ती फ्री किक अर्ध्या मैदानावरून आली होती हो. नव्वद मिनिटं पळून झाल्यावर तिथे पोचायला रेन्सेनब्रिंकच हवा होता.